गंधकाचं उटणं

संस्थान जाऊन मध्य भारत राज्य आलं तेव्हा माझ्या वडिलांच्या छातीवरचा पितळी बिल्ला बदलला. ते चपराशी होते, ते चपराशीच राहिले. मी मात्र बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी आजही सांगतो, आणि सांगताना लाजत नाही.

त्याच वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न गौतमपुऱ्याला झालं. नवरात्र संपता संपता तिचा नवरा तिला इंदुरात आमच्या दारात सोडून गेला. आत आलाच नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आई म्हणते, सध्या इकडेच राहू द्या. बाद में देखते हैं."

काय झालं ते बहिणीने आईला सांगितलं. हातांवर, पोटावर पुरळ उठलं होतं. सासूने ते शेजारणींना दाखवलं आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, हा महारोग. मग तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. दुसऱ्या कुणाची हकिकत सांगावी तसं ती हे सांगत होती. आम्हीही तसंच ऐकलं. आईने भात उतरवला. वडील जेवले, हात धुतले आणि कचेरीत गेले.

मी तिचे हात खिडकीशी उजेडात धरले. बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड होते. मनगटाच्या आतल्या बाजूला केसासारख्या वाकड्या रेघा. चेहरा साफ.

"खाज कधी येते?"

"निजलं की. अंगाला ऊब लागली की चालूच."

महारोगाचा डाग बधिर असतो, एवढं मला ठाऊक होतं. फोडांजवळ सुईचं टोक टेकवलं, तर ती ओरडली, "दादा, मारतोस का!" आल्यापासून पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता.

तरी डिग्रीवर विसंबलो नाही, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले. "खरूज आहे. किडा असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कातडीखाली घर करतो. गंधकाचं मलम देतो. मानेपासून तळपायापर्यंत संध्याकाळी लावायचं, सकाळी अंघोळ. तीन दिवस लागोपाठ. घरात सगळ्यांनी एकाच वेळी, खाज असो नसो. कपडे-चादरी उकळा. खाज थोडे दिवस राहील, घाबरायचं नाही." मग विचारलं, "नवऱ्याला आहे?"

बहीण म्हणाली, "लग्न झालं तेव्हापासून खाजवतात."

"मग त्याला लावा. नाहीतर ही तिकडे गेली की परत होईल."

परत झालं तर ती परत येईल, आणि या वेळी कायमची. घरी हे कुणाला समजवावं लागलं नाही. आम्ही सगळ्यांनी मलम लावलं, गोधड्या उकळल्या, तिचे हात साफ होत गेले. पण जावयाचं काय, हा प्रश्न राहिलाच.

वडील शेवटी म्हणाले, "जावयाला तोंडावर म्हणायचं का, तुम्हाला खरूज आहे? त्यापेक्षा पोरगी घरात बसलेली बरी."

"मी म्हणतो."

"कॉलेज शिकलास म्हणून मुलाकडचा नाही झालास."

वाट आईने काढली. "पहिली दिवाळी आहे. दिवाळसणाला जावयाला तेल-उटणं आपणच लावतो ना?"

आमंत्रण गेलं. जावई आला. सासरी अंगठी मिळणार असताना कोणती आई मुलाला अडवेल?

धनतेरसच्या संध्याकाळी आईने पाट मांडला. तो म्हणाला, "उटणं तर पहाटे लावतात."

"आमच्याकडे आदल्या संध्याकाळपासून लावतात, जावईबापू."

आमच्याकडे असं काही नव्हतं. वडील पणत्यांचं तेल आणायला म्हणून बाहेर गेले ते लवकर आलेच नाहीत. वाटीत मलम होतं. आईने त्यात कापूरकाचरी आणि नागरमोथा कालवला होता. जावयाने सदरा काढला. कमरेभोवती खाजवून खाजवून खपल्या धरल्या होत्या. मी खांद्यापासून लावायला घेतलं.

त्याने वास घेतला. "भिया, ये गंधक है क्या?"

"हो. तुम्हाला खरूज आहे, जावईबापू. तिला तुमच्याकडूनच लागली. महारोग-बिहारोग काही नाही."

आईचा हात वाटीतच राहिला. जावई जमिनीकडे बघत होता. दोन्ही हात, छाती पिवळी झालेली, असा माणूस पाटावरून उठून जाणार कुठे? मग त्याने माझ्याकडे पाठ केली.

"जरा खाली लाव. तिथे माझा हात पोचत नाही."

मी लावलं. 

पहाटे ऊन पाण्याने अभ्यंगस्नान झालं. त्याला दिवाळसणाचे नवे कपडे दिले, जुने आईने सोडा घालून चुलीवर चढवले. दुसऱ्या संध्याकाळी तो आपणहून पाटावर बसला. तिसऱ्या वेळी बहिणीने लावलं. दुसऱ्या दिवशी पाडवा होता; पाडव्याला नवऱ्याला तेल बायकोच लावते, त्यामुळे कुणाला काही वेगळं वाटायचं कारण नव्हतं.

निघताना आईने मलमाचा डबा पिशवीत घातला. तो म्हणाला, "घरी सगळ्यांना लावायचं म्हणता. आईला काय सांगू?"

बहीण म्हणाली, "सांगा, माहेरचं उटणं आहे. सगळ्यांनी लावायचं असतं."

मी दोघांना मोटार स्टँडवर सोडलं. गाडी गेली. मला आनंद व्हायला हवा होता. मी चालत घरी आलो आणि झोपलो.

माघात गौतमपुऱ्याहून एक माणूस रिकामा डबा घेऊन आला. सासूचा निरोप होता: उटणं चांगलं निघालं, आणखी पाठवा, लेकीच्या पोरांनाही लावायचंय. महारोगाबद्दल निरोपात काही नव्हतं, पुढेही कुणी काही म्हटलं नाही. सूनबाईला माहेरी परत पाठवू, असंही नाही.

वडिलांनी डबा माझ्या हातात दिला. मी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.