बर्फातला उजवा हात

माझी आई शेडनेटमध्ये मिरचीचं संकरित बी तयार करायची. न उमललेली कळी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायची, उजव्या हातातल्या चिमट्यानं पुंकेसर काढायचे, आणि कळीला कळूसुद्धा द्यायचं नाही. केमोनं बोटांच्या नसा बधिर होऊ शकतात, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आई पहिल्यांदा रडली. केस गेले तेव्हासुद्धा रडली नव्हती.

त्यावरचा उपाय ऐकून मला हसूच आलं. बर्फाचे हातमोजे! सलाईन चालू असताना हात गार ठेवायचे. रक्तवाहिन्या आकसतात, औषध बोटांपर्यंत कमी पोचतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. माझा काडीचा विश्वास बसला नाही. आत एकालाच सोडायचे, म्हणून आईजवळ आत्या, तिची नणंद, बसायची आणि मी बाहेर बाकावर.

उपचार संपले. एके सकाळी आई ब्लाउजचे हूक लावत होती. उजव्या हाताला हूक कळत होता, डाव्याला सापडतच नव्हता. मी भडकले. बाई एक, औषध एक, मग एकच हात बधिर कसा? मोजाच खराब दिला असणार! मी दवाखान्यात भांडायला निघाले.

"थांब," आई म्हणाली. "सिस्टर गेली की वन्सं डावा मोजा काढायच्या. हात लई गारठला, बाधंल म्हणायच्या. पदराखाली धरून बसायच्या. उजव्याला सलाईन, त्याला हात लावायला भ्यायच्या."

"आणि तू गप्प बसलीस?"

"रडत व्हत्या गं त्या. मंग कसं म्हणू, सोडा?"

मी तिला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही हातांच्या बोटांवर मिरचीचं एकेक बी ठेवलं. उजव्यावरचं तिनं लगेच चिमटीत धरलं. डाव्यावरचं तिथंच पडून राहिलं. ज्याला मी हसले होते, त्या बर्फानं एवढं राखलं होतं.

आता आई पुंकेसर काढायला कळ्या सोलत नाही, सकाळी पराग तेवढा लावते. आत्या भोकरदनच्या बाजाराला आली की घरी येतेच, आणि आल्या आल्या विचारते, "वहिनी, हात कसे हायेत?"

आई डावा हात पदराखाली घेते आणि उजवा तिच्या हातात देते.

"बघा ना वन्सं. बिलकुल बराबर हायेत."