दुसरी पळी

"आता कोणाचं ताट कोण भरतंय, हे कोणाला म्हणजे कोणालाच कळायचं नाही," पळीकाकू एकदा म्हणाली होती. शाळेच्या जेवणघरात नवं यंत्र बसलं त्या दिवशी. बोलली ती भांडी घासणाऱ्या बाईशी, पण अशा आवाजात की आतल्या स्वयंपाक्यानंही ऐकावं. यंत्र जणू तिनंच घरून आणलं होतं.

सव्वीस वर्षं ती जेवणघराच्या खिडकीत उभी होती. खिडकी म्हणजे भिंतीतली लांबट मोकळी जागा आणि तिच्याखाली कमरेएवढा ओटा. अलीकडे दोन मोठी पातेली, एकात भात, एकात भाजीचा रस्सा, आणि लांब दांड्याची पळी घेऊन ती. पलीकडे मुलांची रांग. मुलांना तिचा चेहरा कमी आणि हात जास्त दिसायचा, म्हणून कुठल्याशा वर्गानं तिला पळीकाकू म्हणायला सुरुवात केली. तो वर्ग शाळा सोडून गेला, त्यातल्या दोघातिघांची पोरंही आता याच रांगेत उभी राहू लागली, तरी नाव राहिलं. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथून ते सहसा बाहेर पडत नसे.

तिच्या मनगटात माप होतं. पाऊण तासात तीनशे ताटं वाढून व्हायची आणि शेवटच्या मुलाला पहिल्याइतकंच मिळायचं. पातेलं कधी मध्येच रिकामं झालं नाही की कधी उरलं नाही. स्वयंपाकी म्हणायचा, "काकू, तुझा हात गहाण ठेवला तर दुकानदार तराजू विकून टाकील." ती म्हणायची, "आधी तू मीठ मोजून टाकायला शीक."

यंत्र येण्याआधी चिठ्ठ्या होत्या. आईबाप पैसे भरतात त्यांना पांढरी चिठ्ठी, शाळा ज्यांचे भरते त्यांना पिवळी. पिवळ्या चिठ्ठीची मुलं रांगेत शेवटी उभी राहायची. राहा म्हणून कोणी सांगितलेलं नव्हतं, पण राहायची. चिठ्ठी मुठीत अशी आवळून धरायची की काकूच्या हातात येईस्तोवर घामानं तिचा लगदा झालेला असे. काकू तो लगदा न बघता एप्रनच्या खिशात टाकायची. संध्याकाळी खिसा उलटा केला की बोटं पिवळी व्हायची. ती घासून घासून धुवायची.

तिच्या लहानपणी, तिच्या शाळेत, चिठ्ठ्याही नव्हत्या. तिथं दोन पंगती बसायच्या. पहिलीत पैसे भरणारे, दुसरीत उरलेले. उरलेली मुलं, उरलेलं अन्न. दार अर्धं उघडं असायचं आणि पहिली पंगत जेवून बाहेर पडताना दुसरीच्या अंगावरून जायची. पाच वर्षं ती दुसऱ्या पंगतीत जेवली. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तो एवढी एक गोष्ट न ऐकताच गेला.

म्हणून यंत्र आलं तेव्हा तिला वाटलं, कुठलं तरी दार अखेर पूर्ण बंद झालं.

आता सगळ्यांना सारखंच निळं कार्ड. कोणाचे वडील फोनवरून पैसे भरत, कोणाचे शाळा भरे. पण मुलानं कार्ड टेकवलं की यंत्र सगळ्यांसाठी एकच आवाज करी आणि हिरवा दिवा लावी. यंत्र सांभाळायला कार्यालयात एक तरुण बाई नेमली होती, वर्षाच्या करारावर. बारीक, चष्म्याची, बोलताना पेनाचं टोपण काढायची-घालायची. सगळे तिला यंत्रवाली म्हणत. दोन दिवस काकूशेजारी उभी राहून तिनं काकूला सगळं शिकवलं. यंत्राचा पडदा काकूच्या बाजूला होता. त्यावर मुलाचा फोटो यायचा, नाव यायचं, वर्ग यायचा. आणि काही मुलांच्या नावापुढे, कोपऱ्यात, एक करडा ठिपका.

"हा काय?" काकूनं विचारलं.

यंत्रवालीचं टोपण थांबलं. शाळा ज्यांचे भरते त्यांचा तो ठिपका, ती हळू म्हणाली, संध्याकाळच्या हिशेबाच्या जुळणीसाठी लागतो. पलीकडून कोणाला दिसत नाही. तो तुमच्या पडद्यावरून काढून टाका असं तिनं वर कळवलं होतं, पण वेळ लागणार होता. "तोवर तुम्ही तिकडं बघायचंच नाही, काकू. समजा, तो नाहीच."

काकूनं मान डोलावली. पहिल्या दिवशी बावीस ठिपके होते.

दुसरी पळी द्यायची असं तिनं ठरवलं नव्हतं. हातानं ठरवलं. ठिपका दिसला, हात पातेल्यात गेला, ताटात रिता झाला, आणि परत गेला. भातावर रस्सा पसरला. मूल पुढं सरकलं. बस, एवढंच. बाकीच्यांची पळी ती केसभर उथळ भरायला लागली, म्हणजे पातेलं शेवटपर्यंत पुरावं. एवढ्याशा फरकानं कोणी उपाशी राहणार नव्हतं. घरी जाताना तिला हलकं वाटायचं. दुसऱ्या पंगतीतल्या एका मुलीला कोणीतरी उशिरा का होईना पोटभर वाढलं होतं.

आठवड्याभरात तिला ठिपक्याकडे बघायचीही गरज राहिली नाही. बावीस चेहरे पाठ झाले. ती समजत होती, हे तिच्या आणि पातेल्याच्या मधलं गुपित आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या मुलांना दुसरं काम नसतं. ती एकमेकांच्या ताटांत बघतात.

मग एक शब्द तिच्या कानावर यायला लागला. हात धुवायच्या नळांपाशी, जिन्यावर, खिडकीसमोरच्या रांगेत. दोन पळी. कोणीतरी म्हणायचं आणि बाकीचे खिदळायचे. काकूला गंमत वाटली. तिनं भांडी घासणारीला सांगितलं, की एका पळीनं भागेना, पोरांनी आपल्याला आता दोन पळी केलंय.

"पगार दोन झाला की सांग," भांडी घासणारी म्हणाली.

त्या बावीस जणांत सातवीतली एक मुलगी होती. तिच्या चष्म्याची एक काडी मुळाशी निळ्या दोऱ्यानं बांधलेली होती, इतकी नीट की तो दोराही चष्म्याबरोबर विकत मिळाला असावा असं वाटे. भराभर जेवायची आणि ताट स्वतः आणून द्यायची, लख्ख. काकूचा तिच्यावर जीव होता, पण ते तिला बोलून दाखवता यायचं नाही, ती पळीनं दाखवायची. एका सोमवारी त्या मुलीनं ताट पुढं केलं आणि पहिली पळी पडताच मागं घेतलं.

"एकच पुरे, काकू."

रांग भरलेली होती. काकू त्या दिवशी रंगात होती. "असं कसं पुरे?" ती मोठ्यानं म्हणाली. "ये गं माझी दोन पळी!" आणि ओट्यावरून वाकून तिनं दुसरी पळी त्या मागं गेलेल्या ताटात ओतली. थोडा रस्सा मुलीच्या बाहीवर सांडला. सगळी रांग हसली. काकूही हसली. मुलगी तेवढी हसली नाही. नळांजवळच्या टेबलावर तिनं ते ताट ठेवलं, भरलेलंच, आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. ताप आला असेल, काकूनं मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी कोणी बघत नसताना तिनं पडद्यावर बोट फिरवून तिचा फोटो शोधला, आणि मग आपण काय करतोय हे न कळून पडदा पुसल्यासारखं केलं. इतर काही मुलंही बदलली होती. कोणी ताटावर आडवा हात धरायचं. कोणी घंटा व्हायच्या बेतात असताना धावत यायचं, जेव्हा रांग उरलेली नसे. पातेल्यात थोडं थोडं उरायला लागलं. स्वयंपाक्यानं झाकण उघडून बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. आजकालच्या पोरांना भूकच नाही, ती म्हणाली.

नवव्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत चहा न्यायचा होता. शिपाई रजेवर, म्हणून ट्रे घेऊन काकूच निघाली. खोलीबाहेरच्या बाकावर ती सातवीतली मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती.

"ताप उतरला का गं?" काकूनं विचारलं. मुलीनं बुटांकडे बघितलं.

आत तिघी होत्या. टेबलामागं मोठ्या बाई, भिंतीशी यंत्रवाली, आणि समोर खुर्चीच्या टोकावर मुलीची आई. ती कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. तिच्या बाहीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. काकूला ते दिसले आणि चष्म्याची काडी आठवली.

आई सांगत होती, की पोरगी आठ दिवस दुपारची जेवली नाही. जिन्याखाली पाणी पिऊन बसते. काल घरी आल्यावर दारातच चक्कर येऊन पडली. तेव्हा कुठं थोडं थोडं बोलली. यादी फुटली आहे, आई म्हणाली, शाळेनं कोणाचे पैसे भरले ते सगळ्या पोरांना ठाऊक आहे. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला होता. नावं कोणाला कळणार नाहीत, असा याच खोलीत त्यांनी एकेका पालकाला शब्द दिला होता. यादी फक्त यंत्रवालीकडे असते, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. यंत्रवाली सांगत होती, की यादी कुलपात आहे, कोणाला दाखवली नाही. पण तिचा आवाज असा बारीक झाला होता, की खरंही खोटं वाटावं. महिनाअखेर करार संपवावा लागेल, मोठ्या बाई म्हणाल्या. यंत्रवाली रडली नाही. टोपण काढायची, घालायची.

"पोरं तिला नावानं हाक मारत नाहीत," आई म्हणाली. "दोन पळी म्हणतात. म्हणजे काय विचारलं, तर सांगत नाही."

काकूच्या हातात पहिला कप होता.

तिनं तो टेबलावर ठेवला. दुसरा ठेवला. तिसराही ठेवला. मग रिकामा ट्रे छातीशी धरून ती दारापाशी जाऊन उभी राहिली. तिला जाता आलं असतं, चहा देऊन झाला होता. त्या मुलीच्या बाहीवरचा तो डाग, तिचं ते मागं घेतलेलं ताट, रांगेचं हसणं, आणि त्यात आपलं हसणं, सगळ्यांच्या वरचढ. तिच्या मनात आलं, की कोणाला कळणार नाही. पळीची काही नोंद होत नाही. सव्वीस वर्षांचं काम, चार वर्षांनी निवृत्ती, आणि ही यंत्रवाली तरुण आहे, हिला दुसरीकडे मिळेल. असं सगळं तिच्या मनात आलं. तीन-चार मिनिटं ती तशी उभी राहिली आणि एका निर्दोष पोरीची होत असलेली उलटतपासणी ऐकत राहिली. नंतर आयुष्यभर तिला दुसऱ्या पळीपेक्षा ही तीन-चार मिनिटं जड गेली.

"हिनं नाही फोडली," ती शेवटी म्हणाली. "यादी मी वाढली. रोज, सगळ्यांच्या देखत."

मग तिनं सांगितलं. ठिपका, दुसरी पळी, सोमवार. हिनं बघू नका म्हणून सांगितलं होतं, तेही सांगितलं. यंत्रवालीनं टोपण पेनाला लावलं आणि ते तसंच राहू दिलं.

मोठ्या बाई म्हणाल्या, काकू, तुम्ही मायेनंच केलंत. ते ऐकून काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईनं आवाज चढवला नाही. "माझ्या मुलीला बाकीच्यांपेक्षा जास्त भूक लागते," तिनं विचारलं, "असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

दुसरी पंगत काकूच्या जिभेवर आली होती. अर्धं उघडं दार, अंगावरून जाणारी मुलं, सगळं. ते सांगितलं असतं तर आईही कदाचित विरघळली असती. पण ते आता सांगणं म्हणजे आपल्याच ताटात एक पळी जास्त ओढून घेणं. तिनं ते गिळलं.

मोठ्या बाईंनी निकाल दिला. यंत्रवाली राहील. काकूलाही कोणी काढत नाही, यापुढं सगळ्यांना एक पळी, बास. "आणि मुलगी बाहेरच बसलीय," त्या म्हणाल्या. "आता घंटा होईल. सगळ्या मुलांसमोर तिला जवळ घ्या, दोन शब्द बोला. त्यांनाही कळू दे." आईचा चहा तसाच होता, वर साय धरलेली.

घंटा झाली. काकूनं रिकामे झालेले दोन कप आणि तो भरलेला कप ट्रेमध्ये घेतला आणि दार उघडलं. व्हरांडा मुलांनी भरून गेला होता. सातवीतली तिघं-चौघं तिला बघून थबकली. त्यांनी बाकाकडे बघितलं, मग परत काकूकडे, आणि त्यांच्या ओठांवर हसू येऊन तयार उभं राहिलं. मुलीनं मान वर केली. चष्म्याआडून ती पहिल्यांदाच काकूकडे सरळ बघत होती. त्या डोळ्यांत राग नव्हता. ताट मागं घेतानाचे तेच डोळे होते. एकच पुरे, काकू.

काकूच्या घशात शब्द होते. हातही ट्रेवरून सुटू पाहत होता. तिनं तो ट्रेच्या कडेवर घट्ट आवळला, चहा हिंदकळू दिला नाही, आणि इतर कुठल्याही मुलीसमोरून जावं तशी त्या बाकावरून पुढं गेली, गर्दीतून, व्हरांड्याच्या टोकाच्या दारातून, काही न बोलता.