पावसात कोरडी राहिलेली पानं

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, वाचून हसतोय. ‘रात्रीचं कमी जेवत जा, पित्ताची गोळी घ्या’ असल्या कॉमेंट्स टाकणारा जो एक शहाणा असतो ना... तो मीच. भूत, भानामती, पाठीमागे कुणीतरी उभं असल्याचा भास, यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. घाबरण्यासारखं पुढे काही नाही हेही आधीच सांगतो. लाज वाटण्यासारखं मात्र बरंच आहे, आणि ते सगळं माझं आहे.

मी नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहतो. आयटीत आहे. बायको अनघा, मुलगी रेवा. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, ऑक्टोबरची. रेवा तेव्हा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती.

थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा लॅपटॉपवाला माणूस धनुष्यबाण घेऊन जंगलात काय करत होता. मी नागपूरचा, मटण आवडीने खाणारा, पण खाटकाच्या दुकानात तोंड फिरवून उभा राहणारा. शिकारीचा नाद माझा नव्हेच, रेवाचा. शाळेच्या आर्चरी टीममध्ये ती होती, आणि तिथे शिकवायला येणाऱ्या मिस्टर वॉल्टकडून तिने साधं लाकडी धनुष्य उचललं. हल्लीच्या धनुष्यांना असतात तशी चाकं नाहीत, दुर्बीण नाही, नेम धरायला काही नाही. नुसतं लाकूड, दोरी आणि डोळा. मिस्टर वॉल्ट सत्तरीचे, सुतारकाम शिकवून रिटायर झालेले. पिट्सबरोच्या पुढे त्यांची शंभरेक एकर जमीन, तिथेच घर. त्यांनी रेवाला स्वतःच्या हाताने धनुष्य करून दिलं. मी सुरुवातीला नुसता ड्रायव्हर होतो. मग बसून बसून कंटाळलो तेव्हा त्यांनी मलाही एक दिलं.

ती चार वर्षं माझ्या इथल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. शरद ऋतूतले शनिवार आम्ही तिथे काढायचो. मी डब्यात पोहे न्यायचो, मिस्टर वॉल्टची बायको बिस्किटं, म्हणजे इथले मऊ पाव, आणि ग्रेव्ही करायची. अनघाच्या हातच्या चिवड्यावर तर त्यांचा इतका जीव की शिकारीला बसताना एका खिशात चिवडा असायचाच, आणि खाताना कुरुमकुरुम आवाज होतो म्हणून रेवा त्यांना दटावायची. बहुतेक दिवशी आम्ही काहीही न मारता परत यायचो आणि कुणाला वाईट वाटायचं नाही. जाता-येता चाळीस मिनिटांचा ड्राइव्ह. एरवी घरात ‘फाइन’ आणि ‘ओके’ यापलीकडे न बोलणारी मुलगी त्या चाळीस मिनिटांत मला सगळं सांगायची. शाळा, मैत्रिणी, एक मुलगा... सगळं.

मिस्टर वॉल्टचे नियम दोनच. त्यांचं बोलणं मी मराठीत सांगतो. ‘वीस पावलांच्या पलीकडे बाण सोडायचा नाही. आणि बाण लागला, तर तुमचा उरलेला दिवस त्या हरणाचा. कितीही वेळ लागो, शोधायचं.’

त्या वर्षी दसरा गुरुवारी आला. आम्ही दरवर्षी घरी शस्त्रपूजा करायचो, म्हणजे पूर्वी माझा लॅपटॉप आणि अनघाची गाडी, आता तीन धनुष्यं. मिस्टर वॉल्टही आपलं धनुष्य घेऊन यायचे आणि टोपी काढून गंभीरपणे उभे राहायचे. इथे आपट्याची पानं कुठून आणणार? आमच्या इथल्या मराठी मंडळात कुणीतरी शोध लावलाय की रेडबडचं झाड आपट्याच्याच कुळातलं. पान बदामाच्या आकाराचं, मधून दुभंगलेलं नाही, पण सोनं म्हणून चालवून घेतो. आमच्या दारातच एक रेडबड आहे. ती पानं एकमेकांना देऊन आम्ही दसरा साजरा केला.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला मंडळाचा दसऱ्याचा कार्यक्रम होता. रेवाचं लेझीम आणि माझी एकांकिका. मुख्य भूमिका माझी, साडेपाचला मेकअप. तरी दुपारी दोन तास मिळतात म्हणून मी रेवाला घेऊन गेलो. त्यामागे एक कारण होतं, तेही सांगून टाकतो. चार वर्षांत मी एकही हरीण मारलं नव्हतं. रेवाने आदल्या वर्षी मारलं होतं, आणि तेव्हापासून मंडळात माझी टर उडत होती. ‘पोरगी शिकार करते, बाप चिवडा खातो!’ मी वरवर हसायचो. आत चांगलंच लागायचं.

मिस्टर वॉल्ट पलीकडे ओढ्याच्या बाजूला बसले होते. आम्ही दोघं ओकच्या आडोशाला. चारच्या सुमाराला एक हरिणी आली. शांतपणे चरत होती. तीस पावलं, कदाचित जास्तच.

रेवा कुजबुजली, ‘टू फार, बाबा. वेट.’

मी सोडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाण लागल्याचा आवाज आला. हरिणी पाठीत वाकली आणि पळालीसुद्धा नाही, जड पावलांनी चालत झाडीत गेली. रेवाचा चेहरा पांढरा पडला. ‘यू हिट हर. टू फार बॅक. बाबा, दॅट्स हर स्टमक.’

पोटात लागलेलं जनावर लगेच मरत नाही. अशा वेळी काही तास थांबायचं, मग रक्ताचा एकेक थेंब शोधत, गुडघ्यांवर बसून माग काढायचा. म्हणजे ती अख्खी संध्याकाळ गेली. मी घड्याळ बघितलं... आज लिहितानाही कानशिलं तापतात, पण पहिल्यांदा मी घड्याळ बघितलं.

बाण आरपार जाऊन पलीकडे पडला होता. रक्त होतं, हिरवट घाणही होती. मी तो पाल्याने पुसला आणि भात्यात ठेवला.

‘मिस झाला,’ मी रेवाला म्हणालो. ‘विचारलं तर मिस झाला म्हणून सांगायचं. उद्या सकाळी मी येऊन बघतो. आज इतकी लोकं येणारेत, माझ्याशिवाय नाटक कसं होणार?’

तिने पुसून टाकलेल्या पाल्याकडे बघितलं.

मिस्टर वॉल्ट आले. ‘काही मिळालं?’

‘क्लीन मिस,’ मी हसून म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. रेवाकडे बघितलं. ‘खरंच का गं?’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. मग ती म्हणाली, ‘येस सर.’

कार्यक्रम झकास झाला. मिस्टर वॉल्ट आणि त्यांची बायको तिसऱ्या रांगेत बसले होते, श्रीखंड दोनदा घेतलं, शेवटपर्यंत थांबले. माझ्या नाटकाला टाळ्या पडल्या. आणि सांगतो, मी त्या संध्याकाळी खरोखर चांगलं काम केलं. एकदाही वाक्य विसरलो नाही. एकदाही हरिणी आठवली नाही.

पार्किंगमध्ये रेवा गाडीत बसायच्या आधी थांबली. ‘आय लाइड टू हिम. फॉर अ प्ले.’ एवढंच. घरी जाऊन तिने दार लावून घेतलं.

मी आडवा झालो आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला. धो धो. या पावसात रक्ताचा एक थेंबही राहणार नाही हे मला कळत होतं. म्हणजे आता शोधणंच शक्य नाही... आणि मला हलकं वाटलं. हो, हलकं वाटलं. मग स्वतःचीच इतकी शिसारी आली की पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

उजाडता उजाडता धनुष्य घेऊन एकटाच निघालो. मिस्टर वॉल्टना दिसू नये म्हणून गाडी मागच्या फाटकाशी लावली. चोराच्या मनात चांदणं! फोन गाडीतच राहिला. पाऊस थांबला होता, सगळं जंगल गळत होतं, पायाखाली चिखल. ओकपाशी गेलो, हरिणी उभी होती ती जागा शोधली. अपेक्षेप्रमाणे काही नव्हतं. सगळं धुऊन निघालेलं.

फक्त एक पान होतं. रेडबडचं, बदामाच्या आकाराचं, हिरवंगार.

त्यात काय विशेष, रेडबड इथल्या जंगलात असतं. पण आजूबाजूचा पाला काळा पडून चिकटलेला आणि हे एकच पान ताठ, सपाट. मी उचललं. कोरडं होतं. त्याच्या खाली रक्ताचा थेंब होता, काल पडलेला, सुकलेला, पावसाने न धुतलेला.

दहा पावलांवर दुसरं. कोरडं. खाली रक्त.

मग तिसरं.

मी इंजिनिअर माणूस. तिथे उभा राहून विचार केला. पाऊस पडायच्या आधी कुणी पानं ठेवली म्हणावं, तर पानं ओली का नाहीत? पाऊस गेल्यावर ठेवली म्हणावं, तर खाली रक्त राहिलं कसं? आणि ठेवली कुणी? मिस्टर वॉल्ट नवराबायको कार्यक्रम संपेपर्यंत माझ्यासमोर होते, आणि ते घरी पोचायच्या आतच पाऊस सुरू झाला होता. रेवा घरात होती. पहाटेपर्यंत मी जागाच होतो, दारातून गाडी निघाली असती तर कळलं असतं. आणि आम्हा बापलेकीशिवाय त्या बाणाबद्दल कुणाला माहीतच नव्हतं.

भीती नाही वाटली. कुणीतरी माझं काम करून ठेवलंय, एवढंच वाटलं. मी पानांच्या मागे मागे गेलो. ओढा ओलांडला, पाईनची झाडं संपली, मोकळं गवत लागलं. तिथे शेवटचं पान होतं आणि त्याच्या पुढे ती.

जिवंत होती.

पंधरा तास, मित्रांनो. मी मेकअप केला, टाळ्या घेतल्या, श्रीखंड खाल्लं, झोपायचा प्रयत्न केला, आणि ती तेवढा सगळा वेळ तिथे होती. नखशिखांत भिजलेली. मला बघून उठायचा प्रयत्नही केला नाही. डोळे उघडे होते. मी पाच पावलांवरून दुसरा बाण सोडला. या वेळी चुकलो नाही. मग खाली बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो.

तेव्हा दिसलं. तिच्या डोक्यापाशी गवत दबलेलं होतं. माणूस मांडी घालून बसला तर जेवढी जागा लागेल तेवढंच, आणि तेवढंच कोरडं. वर झाड नाही, फांदी नाही. चहूकडे पाणी साचलेलं आणि तेवढा तुकडा कोरडा ठणठणीत. मी हात लावून बघितला. ऊब नव्हती, वास नव्हता, काही नव्हतं. नुसतं कोरडं गवत.

मी तसाच मिस्टर वॉल्टच्या घरी गेलो. ते कॉफीचा कप घेऊन व्हरांड्यात बसले होते. बाणाचं, घड्याळाचं, खोटं बोलल्याचं सगळं सांगितलं. पानांचं नाही सांगितलं. केलेल्या गुन्ह्यावर आणखी एक थाप मारतोय असं त्यांना वाटेल, या भीतीने गप्प राहिलो. सांगत असतानाच पुन्हा जोराचा पाऊस आला.

त्यांनी कप खाली ठेवला. ‘मला काल रेवाच्या तोंडावरूनच कळलं होतं. तू येशील म्हणून वाट बघत होतो.’ मग म्हणाले, ‘हरणाचं मी समजू शकतो. बाण सगळ्यांचेच चुकतात. त्या पोरीला तू खोटं बोलायला माझ्यासमोर उभं केलंस, ते मला समजत नाही.’

आम्ही भर पावसात गेलो. पानं कुठेच नव्हती. वाहून गेली असतील. ती कोरडी जागा आता बाकीच्या गवतासारखीच भिजलेली होती. मांस खाण्याजोगं राहिलं नव्हतं. सरकारी नियमाप्रमाणे शिकारीची नोंद केली, खड्डा खणला आणि तिला पुरलं. जाताना त्यांनी माझं धनुष्य मागितलं नाही. मीच त्यांच्या व्हरांड्यात ठेवून आलो.

रेवा त्याच दुपारी त्यांच्याकडे जाऊन माफी मागून आली. त्यांनी तिला जवळ घेतलं म्हणे. त्यांचं दोघांचं छान आहे. आता ती दुसऱ्या राज्यात कॉलेजला आहे, तिथे मित्रमैत्रिणींबरोबर शिकारीला जाते, आणि आल्यावर पहिला फोन मिस्टर वॉल्टना करते. माझ्याशीही बोलते. ‘फाइन’, ‘ओके’.

पानांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, अनघालाही नाही. मागच्या महिन्यात रेवा घरी आली होती तेव्हा, गॅरेजमध्ये ती बाणांना पिसं चिकटवत असताना, सांगून टाकलं. ती हातातलं काम थांबवून ऐकत होती. किती दिवसांनी असं ऐकत होती! मग माग काढणाऱ्यासारखे नेमके प्रश्न विचारले. पानांत अंतर किती होतं? देठ कुठल्या दिशेला होते? ओढ्याच्या अलीकडे शेवटचं कुठे होतं? मी सगळं सांगितलं. तिचे डोळे मोठे झाले होते, अगदी लहानपणी व्हायचे तसे.

‘डिड यू टेक अ पिक्चर?’

‘फोन गाडीत होता.’

‘मिस्टर वॉल्टने बघितलं?’

‘नाही गं. तोपर्यंत पाऊस...’

तिने हातातलं पीस खाली ठेवलं.

‘आय वॉन्ट टू बिलीव्ह यू, बाबा,’ ती म्हणाली. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाली. मग मान खाली घालून पुन्हा पिसं चिकटवायला लागली.

तर... पानं कुणी ठेवली, तिच्यापाशी रात्रभर कोण बसलं होतं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. असतं तरी काय उपयोग होता? ते सांगणारा मीच असतो.