मॅडमची बोट

गोखिवऱ्यात फायबरच्या बोटी बनवणारी एक शेड आहे. तिथे मी आणि माझे वडील, दोघंच गेलो होतो. घरी मी त्याला बा म्हणते. कामण गावाजवळ खाडीला लागून आमचं शेत आहे. सुट्टीच्या दिवशी एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतली माणसं तिथे पक्ष्यांचे फोटो काढायला येतात. त्यांना फिरवायला इंजिनाची बोट घ्यायचं बानं ठरवलं होतं. माहिती सगळी इंग्रजीत, म्हणून ती आधीच वाचून मी सोबत आले होते.

विक्रेत्यानं मला खुर्ची दिली आणि बाला माझी बोट चालवणारा नोकर समजून म्हणाला, "तांडेल, जरा बाजूला व्हा, मॅडमना नीट दिसू दे."

माझे कान तापले. 'हे माझे वडील आहेत', एवढंच म्हणायचं होतं. पण बानं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि खरंच बाजूला झाला. वर म्हणाला, "हां, सगळं मॅडमलाच विचारा." त्याला गंमत वाटत होती. मला लाज वाटली ती याची, की तांडेल व्हायला त्याला एक क्षणही लागला नाही.

"मॅडम, फिरणं कसलं? संध्याकाळची चक्कर, समुद्रात लांबवर, की बोटीवरच मुक्काम?"

खाडीतल्या चकरेला उघडी, सपाट तळाची बोट पुरते. लाटा कापायला तळ खोल लागतो. मुक्कामाला केबिन. एवढं मला वाचून कळलं होतं, आणि आम्हाला उघडीच हवी हेही. पण तोवर बा केबिनच्या बोटीत शिरला होता. गादीवर हात फिरवून, बेसिनचा कोरडा नळ सोडून बघत होता.

"मॅडम, आत पलंग हाय! खाडीच्या तोंडावरच्या किल्ल्याला वळसा घालून समुद्रात जाऊ. माणसं रातची झोपतील."

विक्रेता हसला. "तांडेल तयार आहे. मग हीच ना, मॅडम?"

लहानशा खिडकीत बाचा चेहरा दिसत होता. हौसेनं काही मागताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"बा, नको," मी म्हणाले. शाळेत घोटून घेतलेला ण ऐन वेळी निसटला. "ओहोटीला आपल्या खाडीत पानी कुठं ऱ्हातं? ही रुतून बसंल."

विक्रेत्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग खिडकीतल्या बाच्या चेहऱ्याकडे. "तुम्ही मॅडमचे..."

"बाप," बा खिडकीतून म्हणाला.

लगेच दुसरी खुर्ची आली. विक्रेत्यानं ती स्वतः पुसली. बा बसला नाही. तो केबिनचं दार सावकाश लावून घेत होता.

आम्ही उघडी बोट घेतली. नाव काय टाकायचं, असं रंगाऱ्यानं विचारलं तेव्हा बा म्हणाला, "मॅडम."

आता पाहुणे बसले की तो हा किस्सा विक्रेत्याच्या आवाजात सांगतो. "हीच ती मॅडम! बोट हिनंच पसंत केली." केबिनचं तो काही सांगत नाही. लोक हसतात, मी चिखलातल्या बगळ्यांकडे बघते.

परवा एका पाहुण्यानं विचारलं, "तांडेल, रात्रीची ट्रिप नाही का हो?"

"मॅडमला विचारा," बा म्हणाला. सगळे हसले. तो माझ्याकडे न बघता इंजिनाची दोरी ओढत राहिला.