किल्ली मी दिली नाही

"किल्ली द्या मॅडम," हेडमास्तर म्हणाले.

"देणार नाही सर," मी म्हणाले.

स्टाफरूममध्ये डबे उघडले होते, ते तसेच राहिले. भवानीनगरजवळच्या आमच्या हायस्कूलमध्ये हेडमास्तरांना तोंडावर नाही म्हणायची पद्धत नव्हती. त्याआधी मीही कधी म्हटलं नव्हतं.

किल्ली कॉम्प्युटर रूमची होती. संस्थेनं ती रूम माझ्याकडं सोपवली होती, कारण मी गणित शिकवायची आणि गणितवालीला कॉम्प्युटर येणारच असा सगळ्यांचा समज होता. मला येत नव्हता. नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी जळोचीहून रोज एस.टी.नं यायची. कॉम्प्युटर पाहिला होता तो बारामतीच्या बँकेत, काचेपलीकडं.

चार मशीन आली तेव्हा मोठा कार्यक्रम झाला, नारळ फुटला, भाषणं झाली. मग मशीनवर प्लॅस्टिकची कव्हरं चढली, ती काही उतरेनात. आम्हा शिक्षकांना पुण्याला ट्रेनिंग दिलं. तिथल्या माणसानं भराभर सांगितलं, सगळी बटणं स्वतःच दाबली, आम्ही भराभर लिहून घेतलं. परत आल्यावर मशीनपुढं बसलं की हात पुढं होईना. बिघडलं तर? नलवडे सर आमचे सुपरवायझर, म्हणजे हेडमास्तरांच्या खालोखाल. ते म्हणायचे, "व्हायरस लागतो म्हणे. चपला बाहेर काढत जा." आम्ही काढायचो.

एक दिवस धीर करून मी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि पुढं काहीच होईना. बंद केलं, पुन्हा चालू केलं. तीच ओळ. दुरुस्तीवाला पुण्याहून यायचा, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. तेवढ्यात नववीतली रेश्मा तांबोळी काहीतरी विचारायला दारात आली. तिनं पडद्याकडं पाहिलं.

"मॅडम, आत फ्लॉपी राहिलीय. ती काढा आन् कुठलंबी बटण दाबा."

फ्लॉपी म्हणजे माहिती साठवायची चौकोनी, चपटी डबी. मशीन चालू होताना आधी तिच्यात डोकावतं. तिथं हवं ते मिळालं नाही की अडून बसतं. मी फ्लॉपी काढली, बटण दाबलं. मशीन चालू झालं.

"तुला गं कसं माहीत?"

"मामाचं बारामतीत टायपिंग इन्स्टिट्यूट हाय ना. तितं दोन कॉम्प्युटर घेतलेत. सुट्टीत मी तितंच असती."

"मग मला शिकव."

ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ती मला शिकवायला लागली. मला जरा जमल्यावर मी बाकीच्या शिक्षकांना बोलावलं. रेश्मानं तिच्या दोन मैत्रिणी तयार केल्या. एका शिक्षकाशेजारी एक मुलगी बसायची. नियम एकच ठेवला. शिकवणाऱ्यानं तोंडानं सांगायचं, बटण शिकणाऱ्यानंच दाबायचं. पुण्याच्या ट्रेनिंगवरून मी एवढं तरी शिकले होते.

सगळ्यात आधी आले जगताप सर. इतिहासाचे. रिटायरमेंट जवळ आलेली. पहिल्या दिवशी त्यांनी माऊस उचलून थेट पडद्याला टेकवला. रेश्मा हसली नाही.

"सर, त्यो टेबलावरच ऱ्हाऊ द्या. तुमी हितं सरकवला की तितं बाण सरकतो."

"दमानं घे पोरी. तू पळतीस, मी चालतोय."

ते रोज यायचे. दिवाळीच्या आधी त्यांनी आपल्या वर्गाच्या मार्कांचा तक्ता मशीनवर केला. आकडे भरले की बेरीज आपोआप खाली यायची. त्यांनी एका मुलाचे मार्क मुद्दाम बदलून पाहिले. बेरीजही बदलली. सर खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "जन्म गेला बेरजा करण्यात. ह्ये आधी का न्हाय आलं?"

नलवडे सर एकदाच आले, रेश्माशेजारी बसले. त्यांनी कुठंतरी क्लिक केलं आणि पडद्यावरचं सगळं नाहीसं झालं. ते दचकून उठले. दाराशी मुलांची गर्दी असायची, त्यातलं कुणीतरी फिसकन हसलं. त्या आठवड्यात साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना त्यांना कुणीतरी विचारलं, "काय नलवडे सर, उंदीर घावला का?" सगळं कॅन्टीन हसलं.

त्यानंतर हेडमास्तरांच्या सहीची नोटीस लागली. विद्यार्थ्यांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. शिक्षकांचा अवमान केल्याबद्दल रेश्मा तांबोळीनं प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर माफी मागायची. किल्ली ऑफिसात जमा करायची.

माझ्या वडिलांना लहानपणी शाळेतल्या पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. 'हात लावायचा नाही' हे शब्द आमच्या घरात कुणी मुकाट ऐकून घेत नाही. ती नोटीस मी उभ्या उभ्या वाचली आणि ठरवलं.

"मॅडम, प्रश्न शिस्तीचा आहे," स्टाफरूममध्ये माझं नाही ऐकल्यावर हेडमास्तर म्हणाले. "उद्या पोरं म्हणतील, सरांना काही येत नाही."

"येत नव्हतंच सर. आता येतंय."

"तुम्हाला मेमो द्यावा लागेल."

"द्या. रूम संस्थेनं माझ्याकडं दिलीय. संस्था म्हणेल तेव्हा किल्ली देईन."

मेमो मिळाला. मेमो म्हणजे नोकरीत तुमच्याकडून लेखी खुलासा मागणं. मी खुलासा दिला : शिक्षकांनी शिकावं म्हणून संस्थेनं मशीन दिली. शिक्षक शिकत आहेत. माझी चूक कोणती ते कळवावं.

उत्तर आलं नाही. रेश्माचे वडील मात्र आले. गावात त्यांचं सायकलचं दुकान होतं. हात पुसत पुसतच ते व्हरांड्यात उभे राहिले. रेश्मा शेजारी होती.

"मॅडम, तिला माफी मागून टाकू द्या. आमाला हितंच ऱ्हायचं हाय. सगळ्यांच्या सायकली माझ्याकडं येत्यात."

"रेश्मा, तू हसली होतीस का?" मी विचारलं.

"न्हाय."

"मग?"

"मग माफी कशाची मागू? अब्बा, तुमी काय बी म्हना, मी न्हाय मागणार."

तिच्या वडिलांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग मला म्हणाले, "ही असलीच हाय. बघा तुमी." आणि गेले. त्या 'बघा तुमी'चं ओझं मला चांगलंच जाणवलं. माझी नोकरी पर्मनंट होती. तिची दहावी अजून व्हायची होती, आणि याच शाळेत व्हायची होती.

शाळा समितीची बैठक लागली. अध्यक्षांना सगळे आबा म्हणायचे. आबांनी मला बोलावलं, हेडमास्तर आणि नलवडे सर होतेच. जगताप सर न बोलावता आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"काय वो बाई," आबा म्हणाले, "पोरी मास्तरांना शिकवत्यात म्हणं?"

"होय आबा."

"आन् तुमी किल्ली देत न्हाय?"

"नाही देत."

जगताप सर पुढं झाले. "आबा, मला त्या पोरीनं शिकिवलंय. कुणाचा अपमान झाला असंल तर माफी माझ्याकडनं घ्या."

आबांनी हात वर केला. "सर, तुमी बसा. हे बघा, मला शाळेत तमाशा नको. मशीन नीट चालू द्या, बाईंकडं किल्ली ऱ्हाऊ द्या. पन पोरीनं दोन शब्द माफीचं बोलावं आन् मिटवावं. ल्हान हाय ती. तिचं काय जातंय?"

"तिचं सगळंच जातंय आबा," मी म्हणाले. "तिनं चूक केली नाही. उद्या तिला प्रार्थनेला उभी केलीत तर तिच्या शेजारी मी उभी राहीन. आणि माईकवर सांगेन की मला कॉम्प्युटर कुणी शिकवला."

"धमकी देताय का?"

"नाही. आधीच सांगून ठेवतेय."

आबांनी आपला शब्द बदलला नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. हेडमास्तरांनी नाव पुकारलं. रेश्मा नववीच्या रांगेतून निघाली, दोन्ही वेण्या घट्ट, मान ताठ. मी शिक्षकांच्या रांगेतून निघाले. आम्ही दोघी माईकजवळ पोचलो तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. जगताप सर येत होते. मग चित्रकलेचे सर. मग हिंदीच्या बाई, पदर सारखा करत. बाकीचे आले नाहीत. कुणी आकाशाकडं पाहत होते, कुणी आपल्या पायांकडं. मी त्यांना दोष देत नाही, पण कोण आले नाहीत ते मला अजून पाठ आहे.

हेडमास्तरांनी आमच्याकडं पाहिलं. पुढं सगळी शाळा उभी होती. मी माईककडं हात केला. त्यांनी तो झटकन स्वतःकडं ओढला.

"प्रतिज्ञा," ते म्हणाले.

प्रतिज्ञा झाली. मुलं वर्गात गेली. माफी राहिली ती राहिलीच.

नोटीस कुणी काढली नाही. ती फळ्यावर उन्हानं पिवळी पडत गेली आणि मधल्या सुट्टीत रूम भरत राहिली. काही दिवसांनी, मुलं मैदानावर असताना, नलवडे सर माझ्याकडं आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तो मार्कांचा तक्ता मला पण शिकवा. कुणी नसताना."

"मी नाही शिकवत सर. रेश्मा शिकवते. मधल्या सुट्टीत."

ते तसेच वळून गेले. वाटलं, संपलं. पण वार्षिक परीक्षेआधी ते मधल्या सुट्टीत, भर गर्दीत आले आणि खुर्ची ओढून बसले. रेश्मानं त्यांना पहिल्यापासून शिकवलं, जगताप सरांना शिकवलं होतं तसंच. दाराशी त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी तिथं उभीच होते, हसायची कुणाची छाती झाली नसती.

जूनमध्ये माझी बदली झाली. इंदापूर तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत. जळोचीहून दोन एस.टी. बदलून जावं लागायचं. कारण कागदावर 'प्रशासकीय' होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. रेश्मा दहावी चांगली पास झाली, पुढं बारामतीला कॉलेजला गेली. आता ती तिथंच कॉम्प्युटर शिकवते.

नव्या शाळेत हजर झाले त्या दिवशी तिथल्या हेडमास्तरांनी एक खोली उघडून दाखवली. आत मशीन होती, कव्हरांवर धुळीचा थर होता.

"मॅडम, तुमचा अनुभव आहे म्हणे. शिक्षकांचं ट्रेनिंग कधी ठेवायचं?"

"आधी नववीच्या वर्गात जाऊन येते," मी म्हणाले. "शिकवणारं कोण मिळतंय ते बघते."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. एव्हाना मला ती आठी ओळखीची झाली होती. मशीन शिकायला फार अवघड नसतं. ते कुणाकडून शिकायचं, यावरच माणसं अडतात. अडू द्यावं, आणि आपण वर्गावर जावं. मी गेले.