बिनआवाजाची बॅच

मास्तरकीत किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही हो, ते आपोआप साचतात. धरमपेठेतल्या आमच्या क्लासची ऑनलाइन बॅच सुरू झाल्यापासून तर विचारूच नका! चहाला बसलो की कोणीतरी एखादा काढतं आणि गाडी हमखास ढोबळे सरांवर येऊन थांबते. ढोबळे सर म्हणजे आमचे गणिताचे सर. राहायला महाल नावाच्या जुन्या वस्तीत, सगळं आयुष्य खडूत गेलेलं. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे आमची बसायची टेबलं शेजारी होती. त्यांचे किस्से सांगताना आधी आम्ही पोट धरून हसतो. मग कोणीतरी चष्मा पुसायला लागतं.

*

दहावीची ऑनलाइन बॅच सरांना दिली, तेव्हा सोबत टॅब, पेन आणि स्क्रीनवरचा तो व्हाइटबोर्ड आला. पहिल्या दिवशी सरांनी वरच्या कोपऱ्यापासून बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. बोर्ड भरला तसा सगळा पुसून टाकला!

"सर, उतरवायचं राहिलं नं!" पोरं ओरडली.

मी म्हटलं, "सर, पुसू नका. हा बोर्ड संपतच नाही. नुसता सरकवायचा."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, ज्याले शेवटच नाही, त्याच्यावर गणित मांडाचं कसं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या न संपणाऱ्या बोर्डावर फळ्याएवढी चौकट आखली आणि चौकटीच्या आतच शिकवलं. पुढच्या गणिताला शेजारी दुसरी चौकट. आम्ही खूप हसलो. पण चाचणीआधी पोरं एकेक चौकट मागे जाऊन बघायला लागली, तेव्हा आम्हीही गुपचूप चौकटी आखायला लागलो.

*

पोरांना लिहिता येईल असा बोर्ड उघडा ठेवायचा नाही, अशी आमचे मालक नितीनभाऊंची सक्त ताकीद. सर मात्र उघडा ठेवायचे. एकदा कोणीतरी त्यांचं चित्र काढलं. टक्कल, मिशा, सगळं हुबेहूब! आता कोणाची तरी खैर नाही, असं मला वाटलं.

सरांनी टकलावर एक बाण काढला आणि म्हणाले, "हे वर्तुळ आहे असं माना. याचा मध्य कुठी येईल? सगळ्याईनं दाखवा."

सगळ्या वर्गाने सरांच्या डोक्यात ठिपके दिले.

त्यातला एक ठिपका आरतीचा होता. ही पोरगी पारशिवनीच्या पलीकडच्या गावातली. तिथे नेटवर्क असं, की ती बोलायला लागली की आवाजाचे तुकडे तुकडे व्हायचे. म्हणून ती कधी बोलायचीच नाही. सरांनी तिला बोर्डाचा एक कोपरा दिला. "तू इथं लिहत जाय. मी तिथूनच तुले ऐकीन," म्हणाले. पुढे ती त्या कोपऱ्यात एवढी लिहायला लागली की तिला आवर घालावा लागे.

*

मग सरांचा घसा बसला. खडूचा जुना त्रास म्हणून त्यांनी बरेच दिवस काढले. डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. सरांनी एकच विचारलं, "बोर्डाच्या परीक्षेपर्यंत थांबलं तर जमते का?"

जमत नव्हतं.

नितीनभाऊ मनाने वाईट माणूस नाही. ते हळूच म्हणाले, "सर, आता आराम करा. ऑनलाइनमध्ये मास्तरचा आवाजच तर असते!"

सरांचा घोगरा आवाज तेव्हा शेवटचे दिवस मोजत होता. त्याच आवाजात ते म्हणाले, "मंग मले फळा काहून दिला गा? एवढी बॅच पुरी करू दे. मंग नाही म्हणजो."

*

ऑपरेशननंतरचा पहिला तास. पोरांना सरांनी काही कळू दिलं नव्हतं. त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणून मीही पोरांना काही सांगितलं नव्हतं; नुसती तासाला जोडून बघत होते.

सर स्क्रीनवर आले. गळ्याला मफलर. पेन हातात.

"सर, आवाज येऊन नाही राहिला!"

"सर, तुम्ही म्यूट आहात!"

"सर, माइक चालू करा नं!"

सगळा वर्ग कोकलत होता. सरांनी लिहिलं, "माझा आवाज गेला. आता येणार नाही. चला, त्रिकोण."

एकेका पोराने आपला माइक बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर तो वर्ग तसाच चालला. गणितात दिलेलं निळ्यात, काढायचं हिरव्यात. पोरांची नजर मागे राहू नये म्हणून सर पेन अगदी सावकाश चालवायचे. मधली एक पायरी मुद्दाम कोरी सोडायचे आणि थांबायचे. मग कोणाचं तरी वेडंवाकडं अक्षर तिथे उमटायचं. बरोबर असलं की सर त्याच्याखाली जाडजूड रेघ ओढायचे.

एकदा नितीनभाऊंचा मला घाईघाईने फोन. "मॅडम, सरांचा क्लास बंद पडला का? काहीच ऐकू येऊन नाही राहिलं!"

"भाऊ, ऐकू नका. बघा."

भाऊ पूर्ण तास बघत बसले. नंतर सरांना काढायची गोष्ट त्यांनी कधी केली नाही.

*

मी महालात सरांना भेटायला गेले, तर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारातच म्हणाल्या, "माय वं, आता घरी पण तेच! भाजीत मीठ कमी पडलं, तर हे टॅबवर लिहून दाखवते अन् त्याखाली लाल रेघ मारते!"

आम्ही दोघी हसलो. सरही खांदे हलवून हसले, पण आवाजाशिवाय. काकू चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

*

दुखणं उलटलं. शेवटचे तास सरांनी पलंगावर उशीला टेकून घेतले. चौकट तिरकी व्हायची, ओळी खाली घसरायच्या. कोणीतरी पोरगं न बोलता त्यांच्या पेनाच्या पुढे पुढे रेघा आखून द्यायचं आणि सर त्या रेघांवर लिहायचे. बॅच पुरी करायची होती त्यांना. एक धडा राहिला.

सर गेले. इतकं चांगलं माणूस गेलं की पुढचं काही सुचत नाही.

*

तो राहिलेला धडा भाऊंनी मला घ्यायला सांगितला. मी तशी बोलकी बाई. त्या दिवशी तर बोलणं थांबलं की रडू येईल अशी धास्ती होती. सरांबद्दल बोलले, परीक्षेबद्दल बोलले, घाबरू नका म्हटलं, धड्याचं नाव मोठ्याने वाचलं. समोर सगळ्या पोरांचे माइक बंद.

तेवढ्यात बोर्डावर अक्षरं उमटायला लागली. सावकाश, एकेक करून. आरती लिहीत होती.

"मॅडम, माइक बंद करा नं. लिहून शिकवा."

मी माइक बंद केला आणि पेन उचललं.