तूही बघ ना

माझी लेक सव्वा वर्षाची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. आम्ही जळगावात मेहरूणला राहतो. खालच्या मजल्यावरचा तिच्याच वयाचा मुलगा काका, भूभू, टाटा असं बरंच काही म्हणायचा. त्याची आई जिन्यात भेटली की हमखास विचारायची, "मग, काय काय बोलते आता?" मी "बोलेल की" म्हणायचे आणि घरात येऊन लेकीसमोर फतकल मारून बसायचे. "आ-ई. म्हण बघू, आ-ई." ती माझ्या ओठांवरून बोटं फिरवायची, खदखदून हसायची आणि कुणाची तरी चप्पल चघळायला निघून जायची.

डॉक्टरांनी तिचे कान तपासले. ऐकू छान येत होतं. "थोडी वाट बघा," ते म्हणाले. नेमकं तेच मला जमत नाही.

त्याच सुमारास शिंदखेड्याहून माझे सासरे राहायला आले. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. ते नातीशी अहिराणीतच बोलायचे, आणि तेही ती कुणी मोठी बाई असल्यासारखं. "काय जोयजे तुले? केळं?" ती पंजा उघडून त्यांच्या हनुवटीखाली धरायची. आबा केळ्याचा तुकडा त्यात ठेवायचे. खाऊन झालं की तिचे दोन्ही हात वर, म्हणजे आता उचला.

"तिले बठ्ठं समजस," आबा मला म्हणायचे, बठ्ठं म्हणजे सगळं. "तू काबर घाबरस?"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. त्या वर्षी प्राण्यांचं वर्तन हा भाग माझ्याकडे होता, म्हणून वर्गात दाखवायला मी चिंपांझींच्या पिल्लांचे व्हिडिओ शोधत होते. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. पडद्यावर एक चिंपांझीण फळ खात होती आणि तिचं पिल्लू पंजा उघडून तिच्या हनुवटीखाली धरत होतं. मी सहज मान वर केली, तर पलीकडे माझी लेक आबांसमोर अगदी तश्शीच बसलेली! मी इतक्या जोरात हसले की आबा दचकले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नातीची अशी तुलना त्यांना आवडेल की नाही, अशी जरा धाकधूक होती. पण त्यांनी चष्मा लावला, नीट पाहिलं आणि म्हणाले, "हाई ते आपलीच पोर शे!"

मग ती अख्खी दुपार आम्ही तिघांनी व्हिडिओ बघण्यात घालवली. आईने गुदगुल्या केल्या की ते पिल्लू तोंड उघडून, धापा टाकत हसायचं. आबांनी लगेच नातीलाही गुदगुल्या करून बघितल्या.

पुढच्या तासाला मी वर्गात हे सगळं सांगितलं. चिंपांझीचं पिल्लू हातवारे करून मागतं, उचलून घे म्हणतं, खेळायला बोलावतं. माणसाचं बाळही हे सगळं करतं. पण ते आणखी एक करतं, जे जंगलातल्या चिंपांझींमध्ये फार क्वचित दिसतं. बाळ नुसतं दाखवण्यासाठी बोट करतं. त्याला ती वस्तू नको असते, फक्त तूही बघ, एवढंच म्हणायचं असतं.

हे सांगता सांगता मलाच प्रश्न पडला. माझी लेक असं बोट करते का? मला आठवेचना.

"मॅडम, तुमच्या मुलीलाच आणा ना वर्गात," एक विद्यार्थिनी म्हणाली. मी हो म्हणून बसले.

शुक्रवारी आबा तिला कडेवर घेऊन वर्गात आले. मुलामुलींनी घंटा वाजवली, चेंडू उडवला, लाकडी पोपट नाचवला. लेक अंगठा चोखत सगळ्यांकडे बघत राहिली. दहा मिनिटं झाली. बोट काही उठलं नाही. माझे कान तापले. आबा बिचारे तिला घेऊन खिडकीशी जाऊन उभे राहिले.

आणि ती एकदम ताठ झाली. अंगठा तोंडातून निघाला, बोट खिडकीबाहेर. "अं! अं!"

खाली प्राचार्यांच्या गाडीच्या टपावर एक बकरी चढली होती आणि निवांतपणे लिंबाचा पाला ओरबाडत होती.

लेकीने वळून आबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुन्हा बोट बकरीकडे, पुन्हा नजर वर्गाकडे. सगळा वर्ग खिडकीशी धावला. हसण्याचा एकच गलका झाला, शिपाई काठी घेऊन पळत सुटले. लेक एकेकाचं तोंड निरखत होती, यांनी पाहिलं ना, याची खात्री करत होती. सगळे हसले तसं तिने बोट खाली घेतलं. बकरी तिला नकोच होती.

त्या दिवशी मला पुढे काही शिकवावं लागलं नाही. जमलंही नसतं, डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

पुढे काही आठवड्यांनी तिला पहिला शब्द फुटला, तो अहिराणीच. "देख!" तोवर आबा शिंदखेड्याला परतले होते. मी हरखून त्यांना फोन लावला. लेकीने पायातला मोजा काढला, फोनसमोर धरला आणि ओरडली, "देख!" आबांचा फोन साधा, त्यात चित्र दिसत नाही. पण सगळं दिसल्यासारखं ते शेतातून तेवढ्याच जोरात म्हणाले, "देखं वं माय, देखं! भारी शे!"